गुहेच्या तोंडाशी घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या घराला विहीर नव्हती. चैत्र लागला की आई सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळी पठारावरच्या, गुहेतून पाणी आणायची. दोन कळशांपायी तिची सकाळ संपायची. त्या पाण्यात शिजलेली पेज पिऊन मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. झालो. हे मी अभिमानानेच सांगतो.

गुहा जांभ्याची, मैलभर आत गेलेली. पहिल्या दालनात पाण्याची कोंड, आणि कोंडीला पाणी पुरवणारा झरा वटवाघळांच्या आतल्या दालनातून येणारा. परका माणूस आत जायचा तर आधी तोंडाशी देवाला गाऱ्हाणं घालावं लागे, आणि तो मान वडिलांचा. वहाणा बाहेर, कंदील एकच, बोलणं हळू. चैत्र-वैशाखात कोंडीच्या पुढे कोणी जायचं नाही; वटवाघळांच्या पोटाशी तेव्हा पिल्लं असतात.

गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता, त्या दिवसांत माझा कॉलेजातला मित्र दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे राहिला. वडिलांचा त्याच्यावर जीव जडला. कोणासाठी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. नारळ ठेवून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, हो माज्या झिलाचो सोबती. आजपासून हेका आमच्या घरचोच समज." मागे उभे असलेले शेजारी "व्हय म्हाराजा" म्हणाले. घरच्या माणसाला पुन्हा विचारावं लागत नाही. आतली वाट मीच त्याला दाखवली.

वैशाखात मी परीक्षेत गुंतलेलो असताना तो वीसेक पाहुणे घेऊन आला. मला पत्रसुद्धा नाही. झावळ्यांच्या चुडी पेटवून सगळे थेट आतल्या दालनात गेले. धुराने पिल्लं पटापट झऱ्यात पडली. वडील धावत गेले, तर तो हसत म्हणाला, "काका, मी घरचा, असं तुम्हीच देवाला सांगितलंत ना?"

कोंड नासली, उरलेली वटवाघळं गुहा सोडून गेली. गावाने वडिलांचा गाऱ्हाण्याचा मान काढून घेतला. मित्राला मी जाब विचारला, तर म्हणे, एवढ्याशा वटवाघळांसाठी मैत्री तोडतोस? मी तोडली. वडील मात्र मला एकच वाक्य बोलले: "तुजी चूक नाय रे. देवाक खोटा मीच सांगलंय." ते वाक्य मला त्या धुरापेक्षा झोंबलं.

पदवी घेऊन मी गावच्याच शाळेत मास्तर झालो. दोन उन्हाळे कोंडीतला गाळ उपसला. गावकऱ्यांपुढे उभा राहून नियम लिहून घेतला: एका वेळी दहाच माणसं, बरोबर गावचा माणूस, चुडी नाहीत, आणि चैत्र-वैशाखात आतलं दालन सर्वांना बंद, घरच्यांनासुद्धा.

तिसऱ्या वर्षी वटवाघळं परतली. आईने कोंडीतून कळशी भरून आणली. गाऱ्हाण्याचा मान गावाने वडिलांना परत दिला.