झिनियाचे दोन वाफे

लग्नानंतर मी आलापल्लीच्या जंगलात, लाकूड डेपोच्या क्वार्टरात राहायला आले. अंगणात झिनिया फुलवायची हौस दांडगी, पण जमीन म्हणजे नुसता मुरूम. डेपोत नोकरीला असलेला माझा नवरा म्हणाला, "ओंडके ओढाले हत्ती आहेत ना आपल्या इथी. त्याईची लीद घाल."

भांडी घासायला येणाऱ्या बाईंचं मत वेगळं. "दारू गाळून मोहाचा चोथा उरते, तो टाका बाई. फुलं डोलतीन."

शेवटी आमची नवराबायकोची पैज लागली. एका वाफ्यात त्याची लीद, दुसऱ्यात माझा चोथा. माझ्या वाफ्याला असा वास सुटला की येणारेजाणारे नवऱ्याकडे संशयाने बघायचे. पण रोपं गुडघ्याएवढी झाली. त्याच्या वाफ्यात मात्र गवतच गवत माजलं. हत्तीने खाल्लेलं सगळं बी तिथे उगवलं होतं.

एका सकाळी दार उघडलं, तर माझ्या वाफ्यात अस्वल! माती उकरून मिटक्या मारत चोथा खात होतं. मी किंचाळले. नवऱ्याने मला आत ओढून कडी घातली आणि खिडकीतून बघत हळूच म्हणाला, "तुह्या खताले गिऱ्हाईक आलं."

अस्वल पोटभर खाऊन गेलं. मला रडूही येत होतं आणि हसूही. वाचलेली रोपं मी गवत उपटून निमूटपणे लिदीच्या वाफ्यात लावली. दिवाळीत ती लालभडक फुलली. कोणाच्या खतानं, यावर आमचं अजून एकमत नाही.