कानाची बाई

बोलताना ती तोंडावर हात धरायची. तळवा आडवा, नाकाखाली, ओठ पूर्ण झाकलेले. पहिल्यांदा मालवणात माझ्या दुकानात आली तेव्हा मला वाटलं, दाढ दुखत असेल. हाताआडून तिनं विचारलं, "लॅपटॉप दुरुस्त करतास मां?"

मी हो म्हणताच तिनं हात खाली घेतला आणि स्वतःशीच हसली. "ऐकाक येता तुमका. सवय लागली बघा. दिवसभर बहिऱ्यांतच आसतंय."

तुम्हीही पाहिलं असेल, कमी ऐकू येणारी माणसं समोरच्याचे ओठ बघून अर्धं बोलणं ओळखतात आणि आपल्याला सगळं ऐकू येतं असं ठासून सांगतात. म्हणून ही तोंड झाकून विचारायची, "तुमचा नाव काय?" कोणी "जेवलंय" म्हणायचं, कोणी "धाकट्याकडे आसंय". मग ती कानाचं मशीन लॅपटॉपला जोडून त्याचा आवाज त्या माणसाच्या कानाला जुळेल असा लावून द्यायची. शहरातल्या एका कंपनीसाठी ती हे काम करत होती. आज देवगड, उद्या वेंगुर्ला, परवा आंबोली. एसटीनं जायची, लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून. गावोगाव तिला कानाची बाई म्हणत. नाव कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

लॅपटॉप आणि कानाचं मशीन यांच्यामध्ये एक छोटी डबी जोडावी लागायची. तिच्या सगळ्या दुखण्याचं मूळ ती डबी. कधी लॅपटॉपला दिसायची, कधी नाही. आमच्याकडची हवा तुम्हाला ठाऊक आहे. आज घासलेल्या पितळेवर उद्या डाग येतो, तिथं लॅपटॉपच्या पिनांचं काय! तिच्या पिनांवर हिरवट थर धरलेला असायचा. मी स्पिरिटनं पुसायचो, ब्रश मारायचो, डबी पुन्हा लावून बघायचो. जोडली गेली की लॅपटॉप एक चढता सूर काढतो, सुटली की उतरता. तिचं त्या सुराकडे कान लावून बसणं बघण्यासारखं असायचं.

बसायची ती भिंतीकडे तोंड करून. पहिल्या एक-दोन खेपांना मी गप्पा मारायला गेलो. तिनं डोळे मिटूनच सांगितलं, "राग मानू नको, रे. पण काय्येक बोला नको. दिवसभर वराडून गळो बसलो हा. थोडा गप बसान दी." तेव्हापासून ती आली की मी रेडिओसुद्धा बंद करत असे. दुकानातला पंखा तेवढा फिरायचा. काम झालं की मी टेबलावर टकटक करायचो आणि ती झोपेतून उठल्यासारखी उठायची.

एकदा सकाळी मिठबावहून तिचा फोन आला. शाळेच्या खोलीत कानतपासणी ठेवली होती, माणसं येऊन बसली होती आणि डबी दिसत नव्हती.

"बंद करून चालू केलंस?"

"केलंय."

"दुसऱ्या भोकात घालून बघितलंस?"

"सगळा करून झाला, रे. तू येशीत काय?"

तिनं असं कधी मागितलं नव्हतं. मी दुकान ओढून घेतलं आणि स्कूटर काढली.

खोलीत बाकांवर म्हातारी माणसं ओळीनं बसली होती आणि कोणीही बोलत नव्हतं. आपल्याकडे चार म्हातारे जमले आणि गप्पागजाली नाहीत, असं मी तिथंच पाहिलं. बोलून उपयोग नव्हता, हे प्रत्येकाला माहीत होतं.

दोष सापडायला वेळ लागला नाही. एसटीच्या धक्क्यांनी लॅपटॉपचं भोक आतून सैल झालं होतं. केबल वर दाबून, जराशी तिरकी धरली तरच डबी दिसत होती. सोडली की उतरता सूर. नवं भोक बसवायचं तर लॅपटॉप दुकानात न्यावा लागला असता. ती बाकांकडे बघत राहिली.

"मी धरून बसतंय," मी म्हटलं.

आणि बसलो. टेबलापाशी वाकून, दोन बोटांत केबल दाबून. एकामागून एक माणूस येऊन शेजारच्या खुर्चीत बसत होता. मधेच मला शिंक आली, केबल हलली आणि एका आजीचं अर्धं झालेलं काम पुसलं गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती एवढंच म्हणाली, "सावकाश. कानाक घाई चलना नाय." आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

ट्रॉलरवर इंजिन सांभाळण्यात ज्याचा जन्म गेला, असा एक म्हातारा होता. कान इंजिनानंच खाल्लेले. शेजारी त्याची बायको. मशीन लावलं, आवाज जुळवला, आणि बाईनं तोंडावर हात धरून विचारलं, "काका, तुमचा नाव काय?"

त्यानं नाव सांगितलं, आडनावासकट. मग एकदम छताकडे बघितलं. "ह्यो कसलो आवाज?"

"पंखो तो."

तो पंख्याकडे बघत राहिला. बायकोनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. "बरा झाला. म्हणजे आता माका मनातल्या मनात बडबडूक व्हया."

म्हातारा तिच्याकडे न बघताच म्हणाला, "ता माका मशीन नसतानाव कळत होता."

बाई इतकी हसली की तिला खोकला आला. मला हसता येत नव्हतं, केबल हलली असती.

संध्याकाळी स्टॉपवर ती एसटीची वाट बघत होती. माझी बोटं आखडून गेली होती, तिचा आवाज पार घोगरा झाला होता. मी म्हटलं, आज बरंच काम झालं.

"ह्येतली अर्धी मशीनां कपाटात जातली," ती म्हणाली. "मशीन लावून घरात बसतत, आणि घरात तेंच्याशी कोण बोलना नाय. मगे काढून ठेवतत. माका म्हणतत, बाय, आवाज बरोबर नाय, परत लाव. आवाज बरोबरच आसता, रे."

एसटी आली. तिनं बॅग पोटाशी धरली आणि चढली.

पुढे गणपतीच्या आधी तो लॅपटॉप गेलाच. खारी हवा हळूहळू आत बोर्डापर्यंत पोचली होती. मी दोन दिवस झटलो, मग तिला बोलावून सांगितलं. वाटलं होतं, ती खचेल. ती खुर्चीत बसली आणि तिनं मोठा श्वास सोडला. नवी मशीनं मोबाइलवरूनच जुळवता येतात, त्यासाठी शहरातून माणसं येणार आणि तिचं काम संपणार, हे कंपनीनं तिला आधीच कळवलं होतं. जुनी मशीनं मात्र फक्त तशा जुन्या लॅपटॉपवर आणि त्या डबीनंच जुळवता येत.

"रवांदे," ती म्हणाली. "आता उघडू नको तो." डबीही माझ्याच टेबलावर ठेवून गेली.

त्यानंतर तिची माणसं माझ्या दुकानात यायला लागली. रुमालात, गोळ्यांच्या डबीत मशीन गुंडाळून आणायची. "कानाची बाई कधी येतली?" मी मोठ्यानं सांगायचो, येणार नाही. त्यांना ऐकू जायचं नाही. मी पुन्हा सांगायचो. असं दिवसातून दोन वेळा जरी झालं तरी संध्याकाळी माझं डोकं उठायचं.

शेवटी मी भंगारातले दोन-तीन जुने लॅपटॉप जुळवून एक उभा केला आणि तिच्या लॅपटॉपची डिस्क त्यात घातली. डबी त्याला दिसायला लागली. मग सावंतवाडीत गाडी बदलून आरोंद्याला गेलो. तिचा फोन आता लागत नव्हता; ती तिथली, एवढंच माहीत होतं. तिथं कानाची बाई म्हटल्यावर कोणाला कळेना. मग वर्णन केल्यावर एकानं खाडीकडचं घर दाखवलं.

ती ओटीवर आईबरोबर खाडीतल्या शिंपल्या, तिसऱ्या, साफ करत बसली होती. आई बरीच म्हातारी. मी लॅपटॉप काढला, डबी जोडली. चढता सूर आला. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर तो जुना आनंद उमटला.

"दिसता," ती म्हणाली. आणि झाकण हलकेच मिटलं.

"ताई, सगळे विचारतत तुका."

"माका ठावक आसा." ती तिसऱ्यांचं पाणी ओतायला उठली आणि परत येऊन बसली. "गळ्याच्या डॉक्टरान मोठ्यान बोलाक नको म्हणून सांगल्यान. आणि ही बघ माझी आवस. हिका मीच मशीन लावलंय होतंय. काढून इहिरीत टाकल्यान. हिका समोर बसान, तोंडाकडे बघान बोललेला कळता. तेका माणूस व्हया. इतकी वर्सां सगळ्यांच्या आवशीक ऐकाक दिलंय, हिच्या समोर कोण बसलो?"

मी डबीची केबल सोडवून गुंडाळायला लागलो.

"कोण शिकूक तयार आसात तर धाड," ती म्हणाली. "मी हयच बसान शिकवीन. पण गावोगाव फिराक आता माझ्यान होवचा नाय. दमलंय, रे."

मी आग्रह केला नाही. ती खोटं बोलत नव्हती, आणि मीही काही कमी थकलेलो नव्हतो. चहा झाला. लॅपटॉप मी परत बॅगेत भरला. अजून माझ्याकडेच आहे. शिकायला अजून कोणी आलेलं नाही.

ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. गाडी लांब दिसायला लागली तेवढ्यात ओटीवरून आईची हाक आली. बहिरी माणसं मारतात तशी, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी. काहीतरी विचारत होती. इथून ओरडून सांगितलं असतं तर सगळ्या गावानं ऐकलं असतं, जिला सांगायचं ती सोडून.

तिनं मला हात केला आणि वळली. गाडी सुटली तरी मला ती दिसत होती. उत्तर द्यायला माडांमधून घरापर्यंत चालत निघालेली, सावकाश.