तीन मशिनी आणि एक वाकडी सळई

ओट्यावर तीन शिलाई मशिनी मांडून ठेवल्या होत्या आणि संध्याकाळी भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता. सुनंदाताई खुर्चीत बसून होत्या. त्यांच्या मुलानं, बालाजीनं, मला बाजूला घेतलं.

"युसूफचाचा, तिन्ही कामातून गेल्यात म्हणून सांगून टाका. तुमचं ऐकती ती. माझं ऐकून नाही राहिली."

लातूरला गंजगोलाईत माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. चाकूरच्या सुनंदाताई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. अर्ध्या गावाचे ब्लाउज त्यांच्या हातचे. पण शुगरमुळे त्यांचे दोन्ही तळपाय बधिर झाले. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना पत्ता नसायचा. पायमशिनवर पाय कसा पडतोय ते कळेना. चाक उलटं फिरायचं, दोरा तुटायचा. मग मीच मोटर लावून दिली, ती चालवायला पायाखाली पायडल. ते तर आगीतून फुफाट्यात. पायडल किती दाबला ते पायाला कळायला नको? मशीन सुसाट सुटली आणि सुई बोटातून गेली. तेव्हापासून शिवण बंद आणि बाई गप्प. बडबड्या बाईला असं गप्प बघून माझा जीव तुटत होता.

"ताई, आधी तिन्ही बघू तर द्या," मी म्हणालो.

"बघा. एक जरी मला चालवता आली तरी ठेवते. न्हाईतर जाऊ द्या समद्या."

पहिली त्यांच्या सासूबाईंची हातमशीन. आता शिलाई मशिनची सगळी गंमत खालच्या दोऱ्यात असते. सुई वरचा दोरा खाली नेते, तिथं त्याचा फास होतो आणि त्या फासातून खालचा दोरा ओवला जातो. या मशिनीत ते काम भुईमुगाच्या शेंगेएवढं लांबट शटल करतं, मागं-पुढं झोके घेत. खणाच्या तुकड्यावर चालवून बघितली. काय टाका पडला! पण उजवा हात हॅन्डलवर अडकलेला. ब्लाउजचा गोल गळा एका डाव्या हातानं वळवायचा कसा? ताईंनी करून बघितलं आणि तुकडा फेकून दिला.

"असला गळा मी गिऱ्हाईकाला देऊ व्हय?"

दुसरी त्यांची रोजची पायमशीन. हिच्यात शटल गोल असतं. खालच्या दोऱ्याची बॉबिन डबीत बसते, डबी बाजूनं आत जाते आणि शटल अर्धा फेरा घेऊन परत फिरतं. जाड कापडात हिचा हात धरणारं कोणी नाही. पण मोटर लावा नाहीतर पट्टा, शेवटी हुकूम पायाचाच. तीही बाद.

तिसरी लाकडी बैठकीवरची, धुळीनं माखलेली. बालाजीच्या चुलत आजोबांनी कधीकाळी हैदराबादहून आणलेली.

"ती कधी चाललीच न्हाई," बालाजी म्हणाला. "तिचा पायडल हरवलाय."

मी धूळ पुसली. सुईच्या पुढचं झाकण सरकवलं, तर बॉबिन आडवी झोपलेली, वरूनच टाकायची. डबी काढा, डबी घाला, काही भानगड नाही. दोरा किती उरला तेही वरूनच दिसतं. तेल सोडून हातानं चाक फिरवलं. आवाज नाही, खडखड नाही. असल्या मशिनीवर मी फिदाच होतो. मागची मोटर मात्र जळालेली, वायर हातात भुगा होऊन आली.

तेवढ्यात बैठकीच्या पुढच्या बाजूला, उजवीकडं, मला एक भोक दिसलं. बोट जाईल एवढं. मी ओरडलोच.

"बालाजी! हिचा पायडल हरवला न्हाई रे! हिला पायडल नव्हताच! घरात एखादी वाकडी सळई हाय का, बोटाएवढी जाड?"

"सळई?" तो डोकं खाजवायला लागला. "एक हाय. शेळी बांधलीय तिला."

परसात जाऊन आम्ही ती उपटली. शेळी सुटून शेजारच्या कोथिंबिरीत घुसली, शेजारीण आरडली, कोणी लक्षच दिलं नाही. सळई घासून, तेल लावून भोकात घातली. खट्. बसली! माझे अब्बा सांगायचे, काही जुन्या मशिनी गुडघ्यानं चालायच्या. ऐकलं होतं, हाताला आज लागली.

"ताई, गुडघ्याला कळतं का?"

"त्याला काय झालंय? तळपाय गेले, गुडघे शाबूत हायत."

मग काय! पायमशिनची मोटर पायडलसकट काढून हिला जोडली. पायडल बैठकीच्या आत असा बसवला, की सळई ढकलली की तो दाबला जाईल. दोन वेळा चुकलं, हात सोलला. तिसऱ्यांदा बरोबर बसलं. ताईंना खुर्चीसकट पुढं सरकवलं.

"गुडघा उजवीकडं न्या. हळू."

बोटाची आठवण असणार; त्यांनी डोळे मिटले. टक. थांबली. टक, टक. मग डोळे उघडले आणि मशीन एका लयीत चालू. दोन्ही हात कापडावर, गळ्याचा गोल सरसर वळतोय, आणि नेमकं जिथं थांबायचं तिथं मशीन थांबली.

"कळून राहिलं!" त्या ओरडल्या. "युसूफभाई, मला कळून राहिलं, किती दाबते ते!"

बालाजीची नजर आईच्या बोटावर. त्याला त्या बोटातून गेलेली सुई दिसत होती, एवढे दिवस तीच दिसत होती, म्हणून तर मशिनी भंगारात काढायची घाई.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"बालाजी," ताई गळ्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "त्याला चहा पाज अन् वाटंला लाव. अन् येताना पांढरी रीळ आण."

हल्ली त्यांच्याकडं ब्लाउज टाकला तर लवकर मिळत नाही, अशी तक्रार ऐकतो. मी मात्र एक सवय लावून घेतलीय. दुकानात गिऱ्हाईक आलं की मशिनला काय झालं ते नंतर विचारतो. आधी विचारतो, गुडघे कसे आहेत? लोक मला येड्यात काढतात.