चर्चा शून्य मिनिटं

कुणी बोलायला उभं राहिलं की काका मनगट उलटं करायचे. घड्याळाची तबकडी ते आतल्या बाजूला ठेवून बांधत, त्यामुळे वेळ बघताना हात पुढे करून काही मागताहेत असं वाटायचं. मग शांतपणे विचारायचे, "ही मिनिटं कोणाच्या वाट्यातली?"

तुमच्याही सोसायटीत असा एखादा निवृत्त माणूस असेल. लोक त्याला हसत असतील आणि त्याच्यावाचून सभाही होत नसेल. आमच्या खडकीच्या चोवीस फ्लॅटांत ते काका होते. नोकरी सगळी दिल्लीत, संसदेच्या सचिवालयात. काम एवढंच, की कोणत्या पक्षाचा सदस्य किती मिनिटं बोलला ते लिहून ठेवायचं. एखाद्या विधेयकाला किती तास द्यायचे ते समिती ठरवते, मग ते तास सदस्यसंख्येप्रमाणे पक्षांत वाटले जातात. मोठ्या पक्षाला तास-दीड तास, एकट्यादुकट्याला तीन मिनिटं.

"तीन मिनिटांत काय बोलणार हो माणूस?" मी एकदा विचारलं.

"अर्धं घसा साफ करण्यात जातं," काका म्हणाले. "मोठ्या पक्षाची मिनिटं मोजताना मला कधी भीती वाटली नाही. पाच इकडे, पाच तिकडे, त्यांना काय फरक पडतो? एकट्या सदस्याची मोजताना मात्र घड्याळ दोनदा बघायचो. त्याच्याकडे तेवढीच असतात."

मला हे फार पटलं. मी कारखान्यात मालाची मापं तपासतो. आकडा चुकला की मला झोप येत नाही. सोसायटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा आमची वार्षिक सभा साडेचार तास चालायची. त्यातला एक तास तळमजल्यावरचे एक गृहस्थ पाण्याच्या टाकीवर एकटेच बोलत. काकांनी मला वेळापत्रक आखून दिलं. दहा ते बारा सभा, प्रत्येक विषयाला ठरलेली मिनिटं, हाताशी एक घंटी. बारा वाजता जे विषय उरतील ते चर्चेविना मताला.

"बजेटच्या वेळी आमच्याकडे असंच होतं," ते म्हणाले. "गिलोटिन म्हणतात त्याला. अख्ख्या मंत्रालयाच्या मागण्या एक शब्द न बोलता मंजूर."

"आणि कोणाला बोलायचं असेल तर?"

"म्हणून तर कोणता विषय वर आणि कोणता खाली, यावर खरं भांडण असतं. ते सभेत नाही होत. सभेच्या आधी होतं."

हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं.

पहिल्याच सभेत टाकीवाले उभे राहिले. सात मिनिटांनी काकांनी घंटी वाजवली.

"अहो, मी आत्ता कुठे मुद्द्यावर येतोय!"

"गेल्या वर्षीही येतच होतात," काका म्हणाले. "बसा आता."

सभा बाराला संपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या मी घेतल्या.

काकूंची नजर मधुमेहानं गेलेली. जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून मागच्या गेटापर्यंत चौतीस पावलं, तिथून भिंतीला हात लावत गल्लीतल्या बागेच्या बाकापर्यंत एकशे दहा, हे त्यांनी पाठ केलं होतं. रोज सकाळी त्या एकट्या जायच्या आणि मैत्रिणींत तासभर बसून एकट्या यायच्या. काका गॅलरीत उभे राहून बघत.

"बरोबर का जात नाही?" मी विचारलं.

"तो तिचा वेळ आहे. मी कशाला मध्ये बोलू?"

पुढचं गेट मोठ्या रस्त्यावर उघडतं. सकाळी तिथून हिंजवडीच्या कंपन्यांच्या बसेस सुटतात. डोळस माणसालाही तिथे दोनदा थांबावं लागतं.

मग आवारातून कोणाच्या तरी सायकली चोरीला गेल्या आणि मागचं गेट कायमचं बंद करा असं लोक म्हणू लागले. गेट बंद झालं की तिथे दोन गाड्यांची जागा होत होती. पार्किंगच्या प्रतीक्षा यादीत पहिलं नाव माझं होतं.

विषयपत्रिका मी करायचो. गेटाचा विषय मी अकरावा, म्हणजे शेवटचा ठेवला. दहावा ठेवला इमारतीच्या रंगाचा. बदामी की राखाडी, यावर आमचे लोक किती बोलतील याचा मला अंदाज होता. तो बरोबर ठरला. शिवाय ठरलेली मिनिटं संपल्यावर मीच म्हणालो, "महत्त्वाचा विषय आहे, दहा मिनिटं वाढवू या."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "ही कोणाच्या वाट्यातली?"

"सभेच्या," मी म्हणालो.

रंग ठरला तेव्हा काका उभेच होते. हातात चार ओळींचा कागद. मी म्हणालो, "काका, बारा वाजले."

त्यांनी मनगट उलटं केलं. त्या क्षणी ते काहीही बोलू शकले असते, आम्ही ऐकलंही असतं. पण ते म्हणाले, "बारा वाजून एक." आणि स्वतःच घंटी वाजवून खाली बसले. वीस हात वर झाले. विरोधात एक.

आठ दिवसांनी इतिवृत्ताची प्रत घेऊन ते माझ्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. "इथे 'सविस्तर चर्चेअंती बहुमताने मंजूर' असं लिहिलंय. चर्चा किती मिनिटं झाली?"

"अहो काका, तसं लिहायची पद्धतच असते."

"ठराव राहू द्या. मतदान झालंय, ते मला मान्य आहे. फक्त चर्चा शून्य मिनिटं, एवढं लिहा. आमच्याकडे गोंधळात गेलेली मिनिटंसुद्धा लिहायचे."

"पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना दुरुस्ती करू की," मी म्हणालो. पुढची सभा वर्षानं होती, हे दोघांनाही माहीत होतं.

गेटाला साखळी लागली. पुढे एकदा सकाळी मी गाडी पुसत होतो, तेव्हा काकू जिन्यातून मोजत मोजत आल्या. तिसाव्या पावलाला त्यांचा हात बॉनेटला लागला.

"कोणाची गाडी?"

"माझी, काकू."

"नवीन दिसतेय," बॉनेटवरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "छान गुळगुळीत आहे हो." आणि वळून पुन्हा तीस पावलं मोजत गेल्या. त्यानंतर त्या खाली उतरलेल्या मला दिसल्या नाहीत. चार महिन्यांत दोघं हिंजवडीला मुलीकडे राहायला गेले, सोळाव्या मजल्यावर. निघताना काकांनी घंटी माझ्याकडे आणून दिली.

यंदाच्या सभेचा पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचत वाचत मी अकराव्या विषयावर आलो आणि थांबलो.

"इथे एक दुरुस्ती आहे," मी म्हणालो. "या विषयावर चर्चा झाली नव्हती."

"म्हणजे गेट परत उघडायचंय का?" टाकीवाल्यांनी विचारलं.

"नाही."

"मग कशाला खाजवून खरूज काढताय, सेक्रेटरीसाहेब? ज्यांना अडचण होती ते तर गेले."

दोघं-तिघं हसले. विषय शेवटी मी ठेवला, रंगाची दहा मिनिटं मी वाढवली, तिथली गाडी माझी आहे, एवढंच मला सांगायचं होतं. एक मिनिटही लागलं नसतं. आणि वेळ भरपूर होता. सभा सुरू होऊन चारच मिनिटं झाली होती.

"बरं, राहू दे," मी म्हणालो, आणि पुढचा विषय पुकारला.