आसारामदादाच्या डब्यातली गोळी

मंजुळाबाईबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल सांगतो, म्हणजे पुढे कुणी मला साळसूद म्हणायला नको. तलवाड्यात बसथांब्याजवळ माझं औषधांचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. या हकिकतीतल्या गोळ्या माझ्याच दुकानातून गेल्या, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गेल्या. चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, असं मी इतकी वर्षं मनाला समजावत आलो.

मंजुळाबाई पंचेचाळीसच्या आतबाहेरची. ती आणि नवरा धोंडीराम मिळून एक कोयता. ऊसतोडीत माणसं अशीच मोजतात. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. दोघांतलं एक आजारी पडलं की कोयता बंद. असे कोयते गोळा करून कारखान्यावर नेतो तो मुकादम. त्यांच्या टोळीचा मुकादम आसाराम हा मंजुळाबाईचा सख्खा थोरला भाऊ. बाकीच्या बायका त्याच्यापुढे पदर सावरून गप्प उभ्या राहायच्या, ही त्याला "दादा, तंबाखू कमी खा" म्हणून दटावायची. तेवढ्यानं तिची मान चार बोटं वर असायची.

दिवाळी झाली की टोळी निघायची ती चैत्रात परतायची. मधले पाच महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. सकाळी कामाला लागायच्या आधी आसाराम बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन कोप्यांपुढून फिरायचा आणि एकेका बाईच्या तळहातावर दुखण्याची गोळी ठेवायचा. सुरुवात बहिणीपासून. "आधी मंजुळाला," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचा. ती उपाशीपोटी, कोऱ्या चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळायची. ट्रक भरायचा असला की दोन. पाणी मात्र जेमतेम प्यायची, कारण चारी बाजूंनी गडीमाणसं असताना बाईनं आडोशाला जायचं कुठं? रोज गोळी, अंगात पाणी नाही, डोक्यावर मोळी आणि वर ऊन, असे अकरा हंगाम गेले.

परक्या मुकादमानं दिली असती तर तिनं ती गोळी दहादा उलटून पाहिली असती. ही बाई माझ्याकडून खोकल्याचं औषध नेताना बाटली उजेडात धरून बघायची. पण माहेरच्या माणसाच्या हातचं कुणी तपासून घेतं का? दादानं दिलंय, एवढं तिला पुरे होतं.

गेल्या उन्हाळ्यात तिचे पाय सुजले. मग तोंड सुजलं. जेवण पाहिलं की मळमळायचं. झोप उडाली. छातीत धडधडायचं, फडातल्या ट्रकचा हॉर्न वाजल्यासारखा वाटून दचकून उठायची. भाकरी तव्यावर टाकून तिथंच बघत बसायची, भाकरी करपली तरी हलायची नाही. सासूनं बाहेरचं काहीतरी आहे म्हणून अंगारा लावला. धोंडीरामनं गंडा बांधून आणला. त्यांना हसायचा मला काही अधिकार नाही. मी तिला रक्तवाढीच्या तीन बाटल्या विकल्या.

दिवाळी आठ दिवसांवर असताना ती बीडला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आली आणि परतताना माझ्या दुकानात शिरली. पदराच्या गाठीतून रिपोर्टची घडी काढली, दादाच्या डब्यातली अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी काढली आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवलं.

"बद्रीभाऊ, डॉक्टर इचारतेत, ही कशाची गोळी हाय?"

मी रिपोर्ट वाचला. दोन्ही किडन्या आकसल्या होत्या. जेमतेम चौथा हिस्सा चालू होता. मोळी उचलणं कायमचं बंद, आणि आज ना उद्या मशीनवर रक्त धुवावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. झोप न येणं, धास्ती वाटणं हाही आजारच आहे, त्याला लाजायचं नाही, म्हणून त्याचंही वेगळं औषध लिहिलं होतं. मला गप्प बसता आलं असतं. पण पट्टीवरच्या माझ्याच दुकानाच्या शिक्क्याकडे बघून गप्प बसवेना.

मी सांगितलं. ही दुखणं मारायची गोळी आहे, रोज पोटात गेली तर किडन्या खाते. आणि हे आसारामला ठाऊक आहे, पाच वर्षांपूर्वी याच काउंटरवर मी त्याला बजावलं होतं. तो म्हणाला होता, पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे. पुढे त्याच्या बायकोचे, शिवकन्येचे गुडघे धरले तेव्हा तो बीडची चिठ्ठी घेऊन आला. औषध घ्यायच्या आधी त्यानं मला विचारलं, यात ती डब्यातली गोळी नाही ना? नाही म्हटल्यावरच पुडी खिशात घातली. घरात ती नको, म्हणाला.

मंजुळाबाईनं रिपोर्टची घडी पुन्हा गाठीत बांधली. किडन्या गेल्याचं तिनं निमूट ऐकून घेतलं होतं, पण हे तिला सोसेना.

"मपल्या दादाचं नाव घ्यायचं न्हाई," ती म्हणाली. "धंदा तुमचा. त्येचं पाप दादाच्या माथी मारू नका."

मला राग आला. खरं बोलावं तर हे ऐकायचं, असं वाटलं. तिच्या बोलण्यात अर्धं तथ्य होतं, म्हणूनच जास्त आला असावा. ती गेली तेव्हा एवढं कळत होतं की शरीर तर हातचं गेलंच होतं, आता निदान दादा आपला आहे की नाही, एवढंच तिला पाहायचं होतं.

भाऊबीजेला ती आसारामच्या घरी गेली. तिथं काय झालं ते तिनंच मला नंतर दुकानात येऊन सांगितलं. टोळी दोन दिवसांनी निघायची होती. ओसरीवर गाठोडी बांधून तयार होती आणि खिडकीत तो बिस्किटांचा डबा, या हंगामाच्या गोळ्या भरलेला. दसऱ्यालाच त्यानं माझ्याकडून नेल्या होत्या. शिवकन्येनं पाट मांडला, रांगोळी काढली. मंजुळाबाईनं भावाला कुंकू लावलं, सुपारी फिरवली, ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली. आता करंजी भरवायची. ती उठली, खिडकीतून डबा घेतला, एक गोळी तळहातावर काढली आणि हात त्याच्या तोंडापुढे धरला.

"घे दादा. आधी तू."

तो हसला. मला काय धाड भरलीय, म्हणाला. ती हसली नाही. अकरा वर्षं मी खाल्ली, चांगलीच असणार, एक घ्यायला काय होतं, म्हणाली. हात तसाच धरून ठेवला. एका गोळीनं कुणाचं काही बिघडत नाही, हे मी औषधवाला म्हणून सांगतो. त्यानं ती चघळली असती तरी चाललं असतं, आणि बहीण करंजी भरवून घरी आली असती. पण त्यानं तोंड बाजूला फिरवलं. शिवकन्या उठून आत गेली.

मग तिनं त्याला विचारलं, ठाऊक होतं तर मला कावून दिलीस? आणि तो, तिचा दादा, खाली बघत खरं बोलून गेला.

"तू घेतलीस तरच बाकीच्या घेतील, मंजुळे. सख्खी भन खातीया म्हणल्यावर कोन शंका घेनार?"

हे सांगताना ती रडली नाही. मीच काउंटरवरच्या वजनकाट्याची धूळ पुसत बसलो. इतकी वर्षं आधी मंजुळाला, आधी मंजुळाला, आणि ती बिचारी त्याला लाड समजत होती. तिच्या जिवावर त्यानं टोळीतल्या सोळा बायकांचा विश्वास मिळवला. माणूस आपल्याच बहिणीचा असा वापर करतो याची मला किळस आली, आणि तसं मी तिला बोलूनही दाखवलं.

साडी तिनं ताटातच ठेवली होती. डबा मात्र उचलून आणला होता, तो तिनं माझ्यापुढे ठेवला. खरं सांगतो, त्या क्षणी मला जरा बरं वाटलं. तिचा माझ्यावर विश्वास बसला होता. दोष ज्याचा त्याच्या पदरात पडला, असं मला वाटलं. मी तिला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, हवं तेवढं पी म्हणालो.

ती बसली नाही. तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"तुमी दादाला सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "पाच वर्सं झाली म्हणता. मी तर दर बाजाराला ह्याच दुकानापुढून जाते. मला कावून न्हाई सांगितलं?"

गिऱ्हाईक तो होता, ती नव्हती. याशिवाय दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते मला तिच्या तोंडावर देता आलं नाही. ती उत्तरासाठी थांबली. बीडची बस लागेपर्यंत थांबली, मग पिशवी उचलून दवाखान्याला गेली.