कमलताईंचा काळा ठोकळा

कमलताई गेल्या त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना हैदराबादेत कोठी भागाजवळच्या एका दवाखान्यात भेटलो. धाप लागलेली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला, आणि बाई नर्सला विचारत होत्या, "हे मशीन कुणाच्या कातडीवर तपासलंय गं?" नर्स हसली. "नंबर चांगला आहे अम्मा, आराम करा." ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आपल्या काळ्या कातडीवर नंबर खोटाच चांगला येतो रे..." दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. त्याला दीड महिना झाला, माझा राग अजून उतरलेला नाही.

आमच्या प्रयोगशाळेत त्या ठोकळे ओतायच्या. शरीरात उजेड सोडून आतलं बघणारी यंत्रं माणसाला लावण्याआधी या सिलिकॉनच्या ठोकळ्यांवर तपासतात. त्यांत मिसळलेल्या पांढऱ्या पुडीमुळे उजेड मांसात पसरावा तसा पसरतो, काळी शाई तो शोषून घेते. परदेशातून आलेला नमुन्याचा ठोकळा गोऱ्या कातडीचा होता. ताईंनी तो सरळ बाजूला सारला. विद्यानगरच्या बसथांब्यावर रोज उन्हात रापलेला स्वतःचा हात टेबलावर ठेवून त्या थेंबाथेंबाने शाई वाढवत राहिल्या, रंग जुळेपर्यंत. "मराठवाड्यातून इथे आलेलं आमचं अख्खं खानदान त्या नमुन्यात बसत नाही साहेब. मग यंत्र कुणासाठी?" प्रयोगशाळेच्या साहेबांना असं तोंडावर विचारणाऱ्या त्या एकट्याच.

माझी चूकही सांगायलाच हवी. एका कंपनीचं यंत्र काळ्या ठोकळ्यावर सारखं चुकत होतं, अहवालाची घाई होती, म्हणून मी गुपचूप शाई कमी घालून नवा ठोकळा ओतला. यंत्र पास झालं! ताईंनी तो ठोकळा हाताशी धरला मात्र, त्यांना कळलं. "कायकू रे? यंत्राची लाज राखायला माझा हात गोरा केलास?" त्यांनी सुरीने त्याचे तुकडे केले आणि मला पुन्हा ओतायला बसवलं. तेव्हा मी आठवडाभर त्यांच्याशी नीट बोललो नव्हतो.

परवा तीच कंपनी सुधारलेलं यंत्र घेऊन आली. साहेब हळूच म्हणाले, "तो काळा ठोकळा कपाटातच राहू दे आता. बाई नाहीत, कोण विचारतंय?"

मी विचारतोय. कपाटातून ठोकळा काढला. साच्यातून घाईने सोडवताना उमटलेला ताईंच्या अंगठ्याचा ठसा त्याच्या कडेला अजून आहे. तोच सगळ्यांत आधी यंत्राखाली ठेवला. यंत्र चुकलं. अहवालात 'नापास' लिहून मी खाली सही केली. मग मी शाईची बाटली काढली... पुढचा ठोकळा मी आणखी काळा ओतणार आहे.