वरचा बाण

नंदेसरीच्या त्या कारखान्यातली घटना निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून जात नाही.

सकाळी वायुगळती झाली. तीन कामगार बेशुद्ध पडले, त्यातला एक दुपारी गेला. गळतीआधी धोक्याची घंटा वाजली होती का, हे कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदींवरून कळलं असतं. आम्ही पोलीस पोचलो तेव्हा त्या नोंदी पुसलेल्या होत्या. मॅनेजरांनी ऑपरेटरकडे बोट दाखवलं. बडोद्याचीच मराठी मुलगी. पासवर्ड तिचा होता, म्हणून मी तिला ठाण्यात आणलं.

"मी काही पुसलं नाही, साहेब. मी जखमींबरोबर दवाखान्यात होते."

"पासवर्ड कुणाला दिलास?"

"चिठ्ठी स्क्रीनलाच चिकटवलेली आहे. सगळ्यांना माहीत आहे."

मला ती पळवाट वाटली. महिला शिपायाच्या शेजारी बाकावर तिला बसवून ठेवलं. तिचे वडील फाटकाशी ताटकळत होते.

तीनच्या सुमारास निनावी फोन आला. कुणी कामगार असावा. "साहेब, बेन तो अमारी साथे हतां. मशीनमां जुओ." ताई तर आमच्याबरोबर होत्या, मशीनमध्ये बघा, एवढंच गुजरातीत सांगून त्याने फोन ठेवला.

मी कॉम्प्युटरचा जाणकार माणूस घेऊन कारखान्यात गेलो. पंचांसमोर त्याने वरच्या बाणाची कळ दाबली, तशा मशीनला पूर्वी टाइप करून दिलेल्या कमांड एकेक करून पडद्यावर आल्या. दर शनिवारी ती मुलगी एकाच कमांडने निरुपयोगी फाइली पुसायची. शेवटची कमांड हुबेहूब तीच होती, फक्त फाइलींचं नाव बदलून घंटेच्या नोंदींचं घातलेलं. ती कमांड सव्वाअकराला दिल्याची वेळ यादीत होती. दवाखान्याच्या रजिस्टरात अकरा वाजता तिची सही होती. ती दुपारपर्यंत तिथेच असल्याचं नर्सने सांगितलं.

मग मी मॅनेजरांना बोलावलं.

"मला त्या मशीनमधलं काही कळत नाही," ते म्हणाले.

मी कागदावरून नजर न उचलता म्हणालो, "खरंय. एवढी लांबलचक कमांड पाठ असल्याशिवाय कोण लिहिणार?"

"लिहायची कशाला? बाण दाबला की तिची जुनी येते, नुसतं नाव बदलायचं..."

नाव बदलल्याचं आम्ही त्यांना सांगितलेलं नव्हतं. मग त्यांनी सगळं कबूल केलं. घंटा वाजली होती, आणि काम थांबू नये म्हणून त्यांनीच ती बंद करायला लावली होती. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून त्यांना त्या वेळी कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरच्या खुर्चीवर पाहिलेल्या रखवालदाराचा जबाब घेतला. पुढे मॅनेजरांना शिक्षा झाली.

दिवस मावळायच्या आत मी मुलीला सोडलं. ती म्हणाली, "साहेब, दवाखान्याचं रजिस्टर आधी बघितलं असतं तर?"

त्यानंतर कुणालाही बाकावर बसवण्याआधी मी त्याने सांगितलेल्या जागी माणूस पाठवू लागलो. त्या दिवशी मात्र वडिलांनी तिला स्कूटरवर बसवून नेलं, तेव्हा दोघांपैकी कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही.